रक्ततपासणीपूर्वीचा अर्धा तास

(बिदर जिल्ह्याच्या सीमाभागात भरलेल्या एका आरोग्य मेळाव्यात ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर आहे.)



मी प्रयोगशाळेतला माणूस नव्हे, हे प्रथमच सांगून टाकतो. मराठी वाङ्मय घेऊन मी पदवीधर झालो आणि नोकरीत आल्यापासून माझे काम म्हणजे इतरांनी केलेल्या कामाची वार्ता लोकांपर्यंत पोहोचविणे. तरीसुद्धा आज मी एका यंत्राविषयी बोलणार आहे, आणि तेही ते यंत्र तपासणी करते तेव्हाच्या नव्हे, तर त्याआधीच्या अर्ध्या तासाविषयी. असा विषय का निवडला, ते पुढे ओघात येईल. त्यात माझीही एक चूक सांगावयाची आहे.

हे यंत्र येथे आणून आपणांस प्रत्यक्ष दाखवावे असा माझा विचार होता. तालुक्याच्या प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ बाईंनी त्यास साफ नकार दिला. जीपमधून हादरे खात आलेले यंत्र परत नेल्यावर नव्याने पारखून घ्यावे लागेल, आणि तोवर एकही तपासणी करता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे. ते योग्यच होते. त्यांनी माझ्या हाती दिली ती फक्त ही एक पट्टी. बोटभर लांबीची, पारदर्शक प्लास्टिकची. हिच्यात आठ लहान वाट्या एका ओळीत आहेत. प्रयोगशाळेत या पट्टीला स्ट्रिप आणि प्रत्येक वाटीला वेल म्हणतात. वेल म्हटले की माझ्यासारख्याच्या डोळ्यांपुढे मांडवावर चढलेला दोडका येतो, म्हणून आपण आपली वाटीच म्हणू. अशा बारा पट्ट्या एका चौकटीत बसविल्या की शहाण्णव वाट्यांची प्लेट होते. मोठ्या रुग्णालयांतील यंत्रे ही सबंध प्लेट वाचतात. आपल्या तालुक्यासारख्या ठिकाणी, जेथे एका दिवशी पाचच नमुने येतात तर दुसऱ्या दिवशी एकही नाही, तेथे एकेक पट्टी वाचणारे लहान यंत्र सोयीचे पडते. त्यास स्ट्रिप रीडर म्हणतात.

हे यंत्र वाचते काय? अक्षरे नव्हे, रंग वाचते. बिदरच्या माणसास रंगावरून पारख करणे नवे नाही. आपले बिदरी कारागीर किल्ल्यातील जुनी माती जिभेवर ठेवून पारखतात, नवसागराबरोबर तिचे पाणी करतात आणि त्यात भांडे बुडविले की जस्त-तांब्याचा धातू काळाभोर होतो व चांदी तशीच उजळ राहते. माती चुकली तर काळा रंग उतरत नाही. प्रयोगशाळेतील या तपासणीतही रंगच साक्ष देतो.

या तपासणीचे नाव एलायझा. १९७१ साली स्वीडनमध्ये पीटर पर्लमान व ईवा एंगवाल यांनी, आणि त्याच सुमारास हॉलंडमध्ये आंतोन स्कूर्स व बाउके व्हान वेमेन यांनी ही रीत स्वतंत्रपणे शोधून काढली. हिचा गाभा सोपा आहे. शरीरात रोगजंतू शिरला की रक्तात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. वाटीच्या आतील बाजूस अशा पदार्थाचा अदृश्य लेप दिलेला असतो की जो नेमकी हीच प्रतिपिंडे, किंवा काही तपासण्यांत रोगजंतूचाच अंश, धरून ठेवील. रुग्णाच्या रक्तातील पिवळसर पाणी, ज्यास सीरम म्हणतात, ते वाटीत घालावयाचे, ठरल्या वेळेनंतर धुऊन टाकावयाचे, आणि मग रंग आणणाऱ्या एन्झाइमची जोड असलेला दुसरा पदार्थ घालावयाचा. धरलेले काही असेल तर तो चिकटून राहतो, नसेल तर पुन्हा धुताना निघून जातो. शेवटी रंगद्रव्याचे पाणी घालतात. चिकटलेले असेल तेथे निळा रंग येतो. त्यात थोडे आम्ल घालून क्रिया थांबविली की निळ्याचा पिवळा होतो. जितके धरलेले अधिक, तितका पिवळा गडद. हे काम सकाळी हाती घेतले तर दुपार होते. म्हणून सकाळी रक्त देऊन अकरा वाजता चिठ्ठी मागणाऱ्यांनी तंत्रज्ञांवर रागावू नये.

हे सारे आपणांस का सांगावे? डेंग्यूची खात्रीची तपासणी याच रीतीने होते. गावच्या दवाखान्यात बोटभर कार्डावर रेघ उमटते ती झटपट तपासणी, आणि तिच्यावर शासन शेवटचा शिक्का मारीत नाही. ताप आल्यापासून पहिल्या पाच दिवसांत एनएसवन नावाचा विषाणूचा अंश एलायझाने शोधतात आणि पाच दिवसांनंतर आयजीएम प्रतिपिंडे. डेंग्यूच्या आयजीएम तपासणीची किट पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तयार होऊन देशभरच्या शासकीय केंद्रांकडे जातात. ही संस्था १९५२ साली व्हायरस रिसर्च सेंटर या नावाने सुरू झाली आणि तिला आजचे नाव १९७८ साली मिळाले. कर्नाटकाशी तिचे नाते जुने आहे, कारण शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलातील माकडतापाचा विषाणू १९५७ साली याच केंद्राने शोधला. करोनाच्या साथीत २०२० साली हिनेच कोविड कवच ही एलायझा किट तयार केली. त्या वर्षी मे-जूनमध्ये देशातील सत्तर जिल्ह्यांत रक्ताची जी पहिली पाहणी झाली, तिच्यात शेजारच्या कलबुरगी जिल्ह्याचाही समावेश होता. प्रत्येक जिल्ह्यातून सुमारे चारशे माणसांचे रक्त घेण्यात आले आणि त्यांतील प्रत्येक थेंबाचा निकाल असल्याच वाटीतील रंगावरून लागला. रक्तपेढीत जमा होणाऱ्या बाटलीची एचआयव्ही व कावीळ ब आणि क यांसाठी तपासणी होते, तीही बहुधा याच मार्गाने. आणि आपल्या गोठ्यातील गाईचे वासरू सातव्या-आठव्या महिन्यात पडले, तर सांसर्गिक गर्भपाताचा, म्हणजे ब्रुसेलोसिसचा, शोध घेण्यासाठी तिचे रक्त ज्या वाटीत जाते ती वाटीही हीच.

आता मूळ विषयाकडे येतो. यंत्र कितीही चांगले असले तरी ते रंग पाहून स्वतः काही समजत नाही. ते फक्त प्रकाश मोजते. आत एक दिवा असतो, दिव्यापुढे ठरावीक रंगाचाच प्रकाश सोडणारी काच, म्हणजे फिल्टर, मध्ये आपली वाटी आणि पलीकडे प्रकाश मोजणारा डोळा. कंदिलाची काच काजळली की उजेड कमी पडतो, तसे वाटीतील रंग गडद झाला की पलीकडे उजेड कमी पोहोचतो. दिव्याच्या प्रकाशाचा दहावा हिस्सा पलीकडे पोहोचला तर यंत्र १ हा आकडा दाखविते आणि शंभरावा हिस्सा पोहोचला तर २. शिक्षकांच्या लक्षात आलेच असेल की हे लॉगॅरिथमचे गणित आहे. इतरांनी एवढेच ध्यानी धरावे की आकडा जेवढा मोठा, तेवढा रंग गडद.

आपल्यापैकी बहुतेकांनी कलबुरगीच्या किंवा उदगीरच्या आडतीवर तूर घातली असेल. हमाल काटा उचलतो तेव्हा जाणता शेतकरी आधी काय पाहतो? रिकामी पारडी समान आहेत की नाहीत ते. नसतील तर तो पासंग काढावयास लावतो. पासंग न काढता केलेले माप कितीही बारकाईने वाचले तरी ते खोटेच, आणि खोटे कोणाच्या बाजूने ते आधी कळतही नाही. तपासणीपूर्वी या यंत्राची जी तयारी करतात ती मुख्यतः त्याचा पासंग काढण्याचीच. यंत्रास आधी शून्य म्हणजे काय ते दाखवावे लागते.

ही तयारी कशी होते, ते मी तालुक्याच्या प्रयोगशाळेत दोन सकाळी बसून पाहिले. प्रथम जागा. यंत्र हलत्या टेबलावर नसावे. रक्त फिरविण्याचे सेंट्रिफ्यूज यंत्र शेजारी घरघरत असेल तर त्याची थरथर पोहोचते. खिडकीतून थेट ऊन यंत्रावर येता कामा नये, कारण आतला डोळा उजेडच मोजणारा. आपल्याकडे जांभ्याची तांबडी धूळ उन्हाळ्यात दाराच्या फटीतूनही येते. म्हणून काम संपताच यंत्रावर आच्छादन घालतात आणि सकाळी ते काढण्यापूर्वी भोवतालची जागा ओल्या फडक्याने पुसून घेतात. नंतर वीज. विजेचा दाब वरखाली होणे आपल्या सीमाभागास नवे नाही, आणि दाब हलला की दिवा हलतो. यास्तव यंत्रास अर्थिंगची नीट जोडणी आणि यूपीएस लागतो. याच यूपीएसवर कार्यालयाचा पंखा आणि मोबाइल लावलेला मी एके ठिकाणी पाहिला आहे. तो कोणाचा होता हे सांगत नाही, पण तो तंत्रज्ञांचा नव्हता.

कळ दाबली की यंत्र स्वतःची चाचणी घेते. त्या वेळी पट्टी ठेवण्याची जागा रिकामी असावी लागते, कारण तेथे काही राहिले तर यंत्र त्या अडथळ्यासच मोकळी वाट समजून बसते. मग ते तापू द्यावयाचे. दिवा पेटल्याबरोबर त्याचा प्रकाश स्थिर नसतो. यंत्राच्या पुस्तकात पंधरा मिनिटे, अर्धा तास, जो काही वेळ दिला असेल तेवढे थांबावेच लागते. बाहेर बाकावर बसलेल्यांना वाटते की बाई यंत्र चालू करून नुसत्या बसल्या आहेत. वस्तुतः त्या बसलेल्या नसतातच. किट शीतपेटीतून, म्हणजे दोन ते आठ अंशांतून, काढून ती खोलीच्या तापमानास येऊ देण्याचा वेळही हाच. थंड पट्टीचे पाकीट घाईने फोडले तर हवेतील दमट अंश आत धरतो. आणि किटच्या पत्रकात लिहिलेले खोलीचे तापमान म्हणजे वैशाखातील कलबुरगीची खोली नव्हे, हे खरेदी करणाऱ्या कार्यालयांनीही लक्षात घेतले पाहिजे. चाळीस अंशांवर गेलेल्या खोलीत रंग लवकर आणि अधिक चढतो.

यानंतर फिल्टर. येथे एक गंमत आहे आणि शिक्षकांनी ती वर्गात करून दाखवावी. पिवळा रंग मोजावयाचा तर पिवळा प्रकाश वापरीत नाहीत, निळा वापरतात. पिवळे पाणी पिवळे दिसते ते निळा प्रकाश गिळते म्हणूनच. हळद पाण्यात कालवून गाळून घ्या. ते पाणी एका पेल्यात आणि साधे पाणी दुसऱ्यात ठेवून निळ्या जिलेटिन कागदातून पाहा. हळदीचे पाणी काळपट दिसेल. तांबड्या कागदातून पाहिले तर दोन्ही पेले जवळजवळ सारखेच. यंत्रातील निळ्या प्रकाशाचा फिल्टर ४५० नॅनोमीटरचा असतो. काही तपासण्यांत वेगळे रंगद्रव्य असते, त्यांस ४०५ चा किंवा ४९२ चा लागतो. किटचे पत्रक सांगेल तोच घ्यावयाचा. त्याच्या जोडीस बहुधा ६३० चा तांबड्या प्रकाशाचा फिल्टर लावतात. पिवळा रंग तांबडा प्रकाश अडवीत नाही, परंतु वाटीच्या तळावरील ओरखडा, बोटाचा ठसा किंवा पाण्याचा थेंब मात्र निळा आणि तांबडा दोन्ही अडवितो. यंत्र एका आकड्यातून दुसरा वजा करते आणि ओरखड्याचा हिशेब बाजूला पडतो. तरीही तळ मऊ, धागे न सुटणाऱ्या कागदाने पुसावाच लागतो. वाटीत बुडबुडा राहिला तर तोही प्रकाश वाकवितो.

पट्टी ठेवताना तिचे तोंड पाहावे लागते. उलटी बसली तर पहिली वाटी आठवी होते आणि आठवी पहिली, म्हणजे एकाची चिठ्ठी दुसऱ्याच्या हाती. आपल्याकडे एका गावात एकाच नावाचे तिघे असतात, आणि त्यात नाव मराठीत सांगितलेले, कन्नडमध्ये लिहिलेले आणि इंग्रजीत छापलेले. म्हणून नमुन्यास क्रमांक देतात. आपल्या चिठ्ठीवरील तो क्रमांक खोडू नका व विसरूही नका.

आता पासंग. आठ वाट्यांपैकी पहिल्या वाटीत रक्त नसते. तीत फक्त रंगाचे पाणी आणि आम्ल असते. तिला ब्लँक म्हणतात. यंत्रास ती दाखवून सांगावयाचे की हे शून्य. पुढच्या वाटीत निश्चितपणे निरोगी असलेले सीरम, म्हणजे निगेटिव्ह कंट्रोल. त्यापुढील वाटीत निश्चितपणे रोगाची खूण असलेले, म्हणजे पॉझिटिव्ह कंट्रोल. ही दोन्ही किटमध्येच येतात. यांतील पहिल्याचा आकडा ठरलेल्या मर्यादेखाली आणि दुसऱ्याचा मर्यादेवर आला, तरच पुढच्या वाट्यांतील रुग्णांविषयी बोलावयाचे. न आला तर पट्टीवरील एकाही रुग्णाची चिठ्ठी लिहावयाची नाही.

काही किटमध्ये ही कंट्रोले दोन-दोन वाट्यांत घ्यावी लागतात. म्हणजे आठांपैकी तीन ते पाच वाट्या यांतच जातात आणि रुग्णांसाठी उरतात तीन ते पाच. हिशेबाच्या नजरेने पाहणाऱ्यास हा अपव्यय वाटतो. कालच कंट्रोल लावले होते, आज कशाला, असा प्रश्न मी एका बैठकीत ऐकला आहे. मला तो मनोमन पटलाही होता. काटकसर हा शब्द आमच्या परिपत्रकांतून एरवीच फार येतो. हे मत माझ्या मनातून कसे गेले, तीच आता सांगावयाची गोष्ट.

पावसाळ्याची अखेर होती. एका तालुक्यात तापाचे रुग्ण वाढले होते. तालुका आणि रुग्णालय यांची नावे सांगण्याचे कारण नाही, कारण चूक त्यांची नव्हती. वृत्तपत्रांचे दूरध्वनी येत होते आणि सायंकाळच्या पत्रकासाठी मला आकडा हवा होता. सकाळपासून मी प्रयोगशाळेच्या दारात उभा होतो. आतील तंत्रज्ञ बाई वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. दर अर्ध्या तासाने मी विचारावे, आणि त्यांनी हातातले काम थांबवून उत्तर द्यावे. दुपारी पट्टी यंत्रात गेली आणि कागदावर आकडे आले. सारेच लहान. मी म्हणालो, “बाई, म्हणजे डेंग्यू नाही. बरे झाले. मी कळवून टाकतो.”

त्या कागदाकडे पाहतच राहिल्या. म्हणाल्या, “साहेब, पॉझिटिव्ह कंट्रोलही फिका आला आहे. ज्यात आहे हे ठाऊक आहे, तेच यंत्राला दिसत नाही. मग या इतरांचे मी काय सांगू?”

मी म्हणालो, थोडा कमी आला असेल, रुग्णांचे तर अगदीच कमी आहेत ना. मला हे म्हटल्याची आजही लाज वाटते. त्यांनी मला उत्तर दिले नाही. यंत्राचा फिल्टर पाहिला. तो ४०५ वर होता. आदल्या दिवशी कोणी दुसरी तपासणी करून तो तसाच ठेवला होता, आणि सकाळी तो पाहून घेण्याच्या नेमक्या वेळी मी दारातून तिसऱ्यांदा हाक मारली होती. त्यांनी ४५० लावला, ब्लँक पुन्हा दाखविली आणि तीच पट्टी पुन्हा वाचली. आम्ल घातल्यानंतर ठराविक मिनिटांच्या आतच रंग वाचावा लागतो. ती मिनिटे सुदैवाने उलटली नव्हती. या वेळी पॉझिटिव्ह कंट्रोल जेथे असावयास हवा तेथे होता. आणि रुग्णांच्या वाट्यांपैकी काहींचे आकडे मर्यादेच्या वर गेले होते.

त्या सायंकाळी पत्रक निघाले, पण ते मी सकाळी मनात लिहून ठेवलेले नव्हते. गावात धूरफवारणीची गाडी गेली, आरोग्य सेविकांनी रांजण आणि टाक्या उपड्या करविल्या. डेंग्यू नाही असे छापून आले असते तर यांतील काहीच त्या दिवशी झाले नसते. रुग्णांच्या उपचारांत यामुळे खंड पडला असता असे नाही. लक्षणे पाहून डॉक्टर उपचार सुरू ठेवतातच आणि चिठ्ठीसाठी ते थांबवीतही नाहीत. पण गाव निर्धास्त झाले असते. त्या दिवसापासून कंट्रोलच्या वाटीस मी अपव्यय म्हटलेले नाही आणि प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिलेलो नाही.

पहिल्याच आकड्यावर विसंबून न राहणे ही या क्षेत्रातील जुनी शिस्त आहे. आपल्या देशात एचआयव्हीचा पहिला शोध लागला तो १९८६ साली. मद्रासच्या डॉ. सुनीती सोलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली सेल्लप्पन निर्मला या विद्यार्थिनीने गोळा केलेले नमुने वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात एलायझाने तपासण्यात आले, तेव्हा काही वाट्या पिवळ्या झाल्या. त्यांनी तेवढ्यावर जाहीर केले नाही. पुन्हा रक्त घेतले आणि अमेरिकेत वेगळ्या रीतीने खात्री करून घेतली. त्या वाट्या चुकून पिवळ्या झाल्या असत्या तर निष्पाप स्त्रियांच्या माथी कायमचा डाग लागला असता, आणि चुकून पांढऱ्या राहिल्या असत्या तर रोग आणखी कित्येक महिने लपून राहिला असता. चूक दोन्ही दिशांना होते, आणि दोन्ही दिशांना माणूसच भरडला जातो.

सीमाभागातील ग्रामस्थांस एक खास गोष्ट सांगावयाची आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके आपल्याच बिदर जिल्ह्यात होते. आज ते महाराष्ट्रात आहेत, पण सोयरिकी आणि दवाखाने यांना सीमा नाही. औरादचा किंवा भालकीचा माणूस आज बिदरला रक्त देतो, उद्या लातूरला देतो आणि दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवून विचारतो, येथे ०.९ आणि तेथे १.४, म्हणजे दुखणे वाढले काय? तसे नव्हे. दोन यंत्रे वेगळी, दिवे वेगळे, किट वेगळे. एका गावच्या शेराची दुसऱ्या गावच्या मापट्याशी तुलना करावी, तसे हे आहे. त्या त्या दिवशी त्या त्या पट्टीवरील कंट्रोलांवरून मर्यादा ठरते, आणि आपला आकडा त्या मर्यादेच्या वर की खाली, एवढेच त्याला सांगावयाचे असते. म्हणून चिठ्ठीवर नुसता आकडा न मागता त्याच्याशेजारी मर्यादेचा आकडाही मागा. चांगल्या प्रयोगशाळा तो छापतातच. आणखी एक. यंत्रातून निघणारा गुळगुळीत कागद उष्णतेवर छापलेला असतो, तो काही महिन्यांत फिका पडून कोरा होतो. त्याची झेरॉक्स काढून ठेवा. प्रयोगशाळांनीही ते आकडे नोंदवहीत शाईने उतरविले पाहिजेत, नुसता कागद चिकटवून भागत नाही.

पशुपालकांसाठी थोडे बोलतो, कारण देवणीचे कुळ जपणारा हा भाग आहे आणि पशुवैद्यकीय विद्यापीठही बिदरलाच आहे. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात लाळ्या-खुरकुताबरोबर ब्रुसेलोसिसची लसही आली. ती चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना एकदाच टोचतात. लस टोचलेल्या जनावराच्या रक्तातही प्रतिपिंडे सापडू शकतात. यंत्र ती लसीची की रोगाची ते सांगत नाही, ते फक्त पिवळा रंग वाचते. म्हणून रक्त देताना कानातील बिल्ल्याचा क्रमांक आणि लस टोचल्याची तारीख सांगणे हाही तयारीचाच भाग होय. ही तारीख लपविल्यामुळे किंवा विसरल्यामुळे चांगली गाय कळपातून बाजूस काढली जाऊ शकते. आणि उलट, रोगी गाय निरोगी ठरली तर तिचे न तापविलेले दूध घरातल्या लेकरांपर्यंत तो ताप पोहोचविते.

माझ्या सहकारी अधिकाऱ्यांना एक विनंती. यंत्र खरेदी करताना निविदेत यंत्राची किंमत असते. पुढील वर्षांत लागणारा राखीव दिवा, यूपीएसची बॅटरी आणि वर्षातून एकदा मापाच्या काचेने करावयाची पारख यांची तरतूद पुष्कळदा नसते. दिवा गेला म्हणून महिनाभर आच्छादन घालून ठेवलेले यंत्र पाहिले की मला दुष्काळात कोरड्या विहिरीवर बसविलेल्या पंपाची आठवण होते. दुसरे असे की, आकडा मागणारे पत्र पाठविताना कोणत्या वेळेपर्यंत हवा हे लिहितो, तसे पट्टीवरील कंट्रोल बरोबर आले होते काय, हा एक रकाना त्या तक्त्यात वाढवावा. खर्च एका ओळीचा आहे.

आता ही पट्टी मी पुढच्या रांगेतील मुलांकडे देतो. ही कोरी आहे, वापरलेली नाही, हातात घ्यावयास हरकत नाही. एकाने तिच्या तळाला बोट लावावे आणि मग ती खिडकीच्या उजेडात धरून दुसऱ्याला दाखवावी. तो ठसा दिसला की पुढच्याकडे द्या. आणि गुरुजी, आठवीच्या वर्गाला प्रयोगशाळा पाहावयाची असेल तर तंत्रज्ञ बाईंनी सकाळी साडेनऊची वेळ दिली आहे, यंत्र तापत असते तेव्हाची. एका वेळी दहाच मुले आणा, म्हणाल्या, आणि मला बरोबर आणू नका.